नवरदेव रोज जेवत होता

१

नवरदेव गेल्याची बातमी तपासनिसांना फाटकातच कळली. सांगितली बँडमास्तरांनी. आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवून आता वृद्धनिवासाच्या बाकावर ऊन खात बसणारे बँडमास्तर टोपी काढून म्हणाले, "साहेब, आत जरा बेतानं जा. चीफ काल इस्पितळातून परतला आणि आज त्याचा मासा गेला. माझ्यावर काठी घेऊन धावून आला. मी म्हटलं, बाबा रे, खुब्याचे टाके अजून ओले आहेत, भांडण आपण पुढच्या महिन्यात करू."

नवरदेव म्हणजे मासा. दिवाणखान्यात खिडकीपाशी खाऱ्या पाण्याची एक लहानशी काचेची टाकी होती, शिवणयंत्राच्या टेबलावर मावेल एवढी. ती चीफची. चीफ जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळत होता आणि निवासात येताना समुद्राचा हा एवढा तुकडा सोबत घेऊन आला होता. त्यात बोटभर लांबीचा एक मँडरिन मासा होता. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, कल्ल्यांना हिरवी किनार. असा नटलेला मासा पाहून कुणीतरी त्याला नवरदेव म्हटलं, आणि तेच नाव चिकटलं.

तपासनीस नोकरीत असताना गुन्हे उकलायचे. आता रोज दुपारी बायकोला भरवायला यायचे. बायको नाटक मंडळीचे कपडे शिवायची. राजापासून द्वारपालापर्यंत सगळ्यांना तिनं मापात बसवलं होतं. पण तिची आठवण हळूहळू उसवत गेली. आधी गावातले रस्ते गेले, मग माणसांची नावं, मग लेक, मग नवरा. शेवटी ती जेवायचंच विसरली. चमचा ओठांशी नेला की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घ्यायची.

एकदा चीफ माशाला भरवत असताना तिची खुर्ची टाकीसमोर होती. चीफनं काचेची नळी पाण्यात सोडली, नवरदेवानं तोंड पुढं करून घास टिपला, आणि तिनंही आपसूक तोंड उघडलं. तपासनिसांनी चमचा आत सरकवला. तिनं गिळलं. मग हसून म्हणाली, "हा अंगरखा कुणी शिवला? हात चांगला आहे."

त्या दिवसापासून रिवाजच पडला. नवरदेवाचा एक घास, तिचा एक घास.

आज टाकीत नवरदेव नव्हता. तपासनिसांनी नेहमीसारखी खुर्ची समोर लावली, चमचा पुढं केला. तिनं वाळूकडं पाहिलं, दगडांकडं पाहिलं आणि मान वळवली. दुसरा चमचा हनुवटीवरून ओघळला. तिसरा त्यांनी भरलाच नाही.

मागून चीफचा आवाज आला. "साहेब, हा आपोआप मेलेला नाही. याला मारलंय. तुमचं आयुष्य यात गेलं. शोधा."

एरवी तपासनीस हसले असते. त्यांनी वाटी झाकली आणि विचारलं, "प्रेत कुठं आहे?"

२

प्रेत बशीत होतं, ओल्या कपड्याखाली. रंग विझले होते, पण तपासनिसांचं लक्ष रंगांकडं नव्हतंच. पोट पाठीला लागलं होतं. डोक्यामागं, जिथं मांसाचा उंचवटा हवा, तिथं खळगा पडला होता.

"विष?" त्यांनी विचारलं.

"मलाही आधी तेच वाटलं," चीफ म्हणाला. "पण तो झिंगा बघा."

टाकीत लाल पट्ट्यांचा झिंगा दगडावर बसून मिश्या हलवत होता. काचेवर गोगलगाय चिकटलेली होती. चीफनं सांगितलं, पाण्यात औषध, साबण, काहीही पडलं तर पहिला जातो तो झिंगा. मासा त्याच्या मागून.

"आणि हवेचा पंप? कुणी बंद ठेवला असेल तर?"

चीफनं दाराकडं पाहिलं. बँडमास्तर तिथं येऊन उभे होते. पंपाची घरघर बेसूर आहे, त्यानं आपली झोप उडते, हे त्यांनी वर्षभर सगळ्यांना सांगितलं होतं. एकदा उशी घालून पंप दाबलाही होता.

"मी बंद केला असता तर उघडपणे केला असता," बँडमास्तर म्हणाले. "आणि साहेब, खरं सांगू का, बाईंना जेवताना पाहायला मीही दुपारी इथं येऊन बसायचो. निवासात बघण्यासारखं दुसरं आहे काय?"

"पंप थांबला असता तरी झिंगा वाचला नसता," तपासनीस म्हणाले. "आणि मासा गुदमरून मेला असता, असा वाळून नाही. मास्तर, तुम्ही सुटलात."

बँडमास्तरांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पण गेले नाहीत.

"हा उपासमारीनं मेलाय," तपासनीस म्हणाले.

"तेच म्हणतोय मी." चीफ खाली बसला. बसताना त्याला त्रास झाला. "साहेब, या जातीचा मासा पोसणं म्हणजे सतीचं वाण. समुद्रात हा दिवसभर खडकावरचे बारीक जीव टिपत फिरतो. एवढ्याशा टाकीतले खडक आठवड्याभरात चाटून साफ करतो आणि मग मरतो. दुकानातून नेलेले बहुतेक असेच मरतात. दाणे टाका, तोंड लावत नाही. हलणारं, जिवंत असेल तरच खाणार. मी महिनोन् महिने मागं लागून त्याला नळीची सवय लावली. रोज कोळंबीची अंडी उबवायची, निघालेली धुळीच्या कणाएवढी पिल्लं नळीनं भरवायची. इस्पितळात जाताना सगळं समजावून गेलो होतो. आणि यांनी त्याला उपाशी मारलं."

"नाही," तपासनीस म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही नव्हता तेव्हा रोज दुपारी मी इथं होतो. नळी पाण्यात जाताना पाहिली, पिल्लं तरंगताना पाहिली, याला टिपताना पाहिलं. त्याच्या घासावर तर आमचा घास चालला होता." तपासनिसांनी बशीवर कपडा ओढला. "चीफ, नवरदेव रोज जेवत होता. पोटभर."

३

सिस्टर वीस वर्षं म्हाताऱ्यांची सेवा करत होती. कुणी संशय घेतला की तिचे कान लाल व्हायचे. आत्ताही झाले.

"एक वेळ चुकवली नाही," ती म्हणाली. "चीफ गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. कोळंबीची अंडी मावशी भिजत घालायच्या, तिकडं स्वयंपाकघरात, उलट्या बाटलीत. पिल्लं निघाली की मी त्यात चीफनं ठेवलेल्या हिरव्या बाटलीतले थेंब घालायचे. दुसऱ्या दिवशी गाळून नळीत भरायची आणि द्यायची. बाईंच्या जेवणाच्या वेळी द्यायची म्हणजे दोघांचं होतं. साहेब, तुम्ही तर समोर असायचात."

"होतो. थेंब कसे घालायचात?"

"चीफनं सांगितलेलं. बाटली जोरानं हलवायची, खाली गाळ बसतो म्हणून. पण गाळ काही बसलेला नसायचा. मी तरी हलवायचे. सांगितलंय तर करावं."

"मासा वाळत चाललाय, हे दिसलं नाही?"

सिस्टरनं खाली पाहिलं. "दिसलं. पण खात होता ना. खाणाऱ्याची कोण काळजी करतं? इथं न खाणारेच एवढे आहेत."

स्वयंपाकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्या पोळपाटाशी उभ्या होत्या. माशाबद्दल विचारायला माणूस स्वयंपाकघरापर्यंत आला, याचं त्यांना हसू आलं, पण तपासनिसांचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

"अंडी मी भिजत घालायचे, खरं आहे. उबेला चुलीजवळ ठेवायला लागतात म्हणून ती बाटली माझ्या गळ्यात. पिल्लं निघायची चांगली, पाणी नुसतं लुकलुकायचं. माझं भांडण होतं ते त्या हिरव्या औषधाशी. माझ्याच फ्रिजमध्ये. झाकण कितीही घट्ट लावा, असा वास, जणू मेलेली मासळी आणि शेवाळ एकत्र कुजवलंय. लोण्यालासुद्धा तो वास लागायचा. मी चीफला तोंडावर सांगितलं होतं, एक दिवस ही बाटली नाल्यात जाणार."

"मग गेली का?"

"कशाला जाईल? मधेच वास यायचा थांबला. म्हटलं, देवानं ऐकलं."

तपासनीस थांबले. "कधी थांबला?"

मावशींनी पिठाचे हात झटकले. "चीफ गेला त्याच दिवशी, म्हणा ना. सकाळी लोणी काढलं तेव्हा होता. संध्याकाळी नव्हता."

तपासनिसांनी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात हिरवी बाटली होती. तिच्यावर चीफच्या अक्षरात शाईनं लिहिलेली चिठ्ठी होती आणि एका बाजूची अक्षरं फुटली होती, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी. त्यांनी झाकण काढलं, बाटली नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

कसलाच वास नव्हता.

४

चीफनं एक थेंब पांढऱ्या बशीत टाकला. थेंब पसरला, स्वच्छ हिरवा, काचेसारखा. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं.

"गोड आहे," तो म्हणाला. "केकवर घालतात तो रंग आहे."

मावशी फळीकडं वळल्या आणि डबे सरकवू लागल्या. "तरीच. माझी रंगाची बाटली निम्मी झालेली. मी म्हटलं, आपणच वापरला असेल."

तपासनिसांनी चीफला बसवलं. "आता मला एकच सांगा. या थेंबांशिवाय पिल्लं खाल्ली तर काय होतं?"

"काहीच नाही. तीच तर गोष्ट आहे." चीफनं बशी दूर सारली. "पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या पोटात थोडी शिदोरी असते. ती दिवसभरात संपते. मग ते नुसतं हलणारं टरफल. म्हणून त्याला आधी हे पाजायचं, समुद्रातलं शेवाळ आणि तेल. पिल्लाचं पोट भरलं की ते माशाला द्यायचं. नाहीतर मासा दिवसभर खाईल आणि अंगी मात्र काही लागणार नाही. पाहणाऱ्याला वाटेल, काय मजेत जेवतोय."

बँडमास्तर दारातून म्हणाले, "मग मावशींनीच केलं. बाटली नाल्यात टाकली आणि रंग भरला."

"नाही," तपासनीस म्हणाले. "ज्यांनी बाटली टाकायची दवंडी पिटली होती, त्या चोरून कशाला बदलतील? आणि वास थांबल्याचं आपण होऊन कशाला सांगतील? सिस्टरही नव्हे. गाळ बसत नाही, हे तिनं मला न विचारता सांगितलं. तिच्या हातात पहिल्या दिवसापासून रंगच आला. खरा वास तिला माहीतच नव्हता. म्हणजे बदल झाला तो चीफ गेल्यानंतर आणि सिस्टरनं बाटली उघडण्याआधी. त्याच दुपारी. चिठ्ठीवरची शाई फुटली आहे, म्हणजे बाटली सांडली आणि कुणीतरी ती पुसली. नुकसान करायचं असतं तर पुसायला थांबलं नसतं कुणी. हा अपघात आहे, आणि अपघात झाकणारं माणूस घाबरलेलं होतं." ते मावशींकडं वळले. "एवढं घाण औषध सांडलं, तर स्वयंपाकघर दिवसभर नासलं असतं. तुम्ही चहाला आलात तेव्हा वास होता का?"

"नव्हता. उलट..." मावशी आठवू लागल्या. "उलट छान वास होता. थंड. लिंबाच्या सालीसारखा. मी म्हटलंसुद्धा, आज इथं कोण नटून आलं होतं?"

"कोलोन," बँडमास्तर म्हणाले. "बाटली रिकामी केलेली दिसते. कुणाकडं असतं हो हल्ली कोलोन?"

सगळे तपासनिसांकडं पाहू लागले, कारण ते अशा वेळी उत्तर देत. त्यांनी दिलं नाही. बाटलीचं झाकण लावलं, ती पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली, आणि म्हणाले, "उद्या सांगतो."

कोलोन कुणाकडं असतं, हे त्यांना शोधावं लागणार नव्हतं. त्यांच्या घरात तीस वर्षं तोच वास होता. बायको कपड्यांवर काम करण्याआधी त्यानं हात पुसायची. आणि आता तिचे हात पुसायला तीच बाटली पर्समध्ये घेऊन लेक यायची.

५

लेक संध्याकाळी कामावरून परस्पर आली. आईसाठी घट्ट दुधाची बाटली आणायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची, तसं आजही केलं. स्वयंपाकघरातून बाहेर पडली तर बाप पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेला.

"बस," ते म्हणाले.

"आईनं खाल्लं?"

"नाही. मासा गेला."

तिनं पिशवी खाली ठेवली. "कसा?"

"तू सांग," ते म्हणाले, पण आवाजात दरारा नव्हता. लेकीला तो आवाज ओळखीचा नव्हता. "चीफ इस्पितळात गेला त्या दुपारी तू आत दुधाची बाटली ठेवायला गेलीस. हिरवी बाटली सांडली. तू कोलोन ओतून ओटा पुसलास आणि रंग भरून ठेवलास. एवढं मला कळलंय. पुढचं कळत नाही. तू लहानपणी माझं घड्याळ फोडलंस तेव्हा तुकडे हातावर घेऊन माझ्यापुढं उभी राहिली होतीस. एका बाटलीसाठी तू खोटं का वागलीस?"

तिनं नाकारलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला वाटलं, टाकी साफ ठेवायचं काहीतरी औषध असेल," ती म्हणाली. "एखादा दिवस नसलं तर बिघडणार नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी करणार होते. मग पाहिलं तर मासा खात होता. आई खात होती. म्हटलं, चाललंय ना सगळं. बाबा, मला खरंच माहीत नव्हतं तो मरेल."

"ते मी मानतो. पण लपवलंस का?"

तिनं पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तपासनिसांनी आयुष्यभर अशी माणसं पाहिली होती. कुठं थांबायचं आणि कुठं ढकलायचं, हे त्यांना हाताच्या रेषांसारखं ठाऊक होतं. आज त्यांना ढकलावंसं वाटेना. तरी सवयीनं प्रश्न तोंडून गेलाच.

"बाटली सांडली कशी?"

"डॉक्टरांनी बोलावलं होतं," लेक म्हणाली. "त्याच दुपारी. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या वडिलांना कसं सांगावं कळत नाही, ते एवढे खूश आहेत. मी सांगते म्हटलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन रडत बसले. कोपर लागलं नि बाटली आडवी झाली. तेवढ्यात दाराबाहेर तुमची हाक आली. अगं, कुठं आहेस, आज तिनं अख्खी वाटी संपवली, अशी. तुम्ही आत आला असता आणि सांडलेलं पाहिलं असतं, तर माझा चेहराही पाहिला असता. तुमच्यापुढं माझ्या मनातलं दोन प्रश्नांत निघतं. म्हणून झाकलं. बाटली नाही हो, बाबा, डॉक्टरांचं बोलणं झाकलं. बाटलीचं काय."

"काय म्हणाले डॉक्टर?"

त्यांनी खुर्चीची कड धरली.

"तिचं शरीर काही घेत नाही, म्हणाले. तोंडातून जातं, पोटात जातं, पण अंगी लागत नाही. आजार तिथवर आलाय. वाटीभर द्या की चमचाभर, फरक पडणार नाही. गिळणंही आपोआप थांबेल. तेव्हा जबरदस्ती करू नका म्हणाले, ठसका लागून त्रास होईल. थोडे दिवस आहेत."

पॅसेजच्या टोकाला कुणीतरी दिवा लावला.

तपासनिसांना बांगडी आठवली. बायकोच्या मनगटावर घट्ट बसणारी बांगडी हल्ली कोपरापर्यंत सरकायची, आणि ती खेळते आहे असं म्हणून ते कौतुकानं पाहायचे. झग्याला लेकीनं दोनदा चुण्या घातल्या होत्या. खुर्चीतून उचलताना ती आता हलकी लागायची, आणि आपल्यालाच व्यायाम होऊन ताकद आली, असा विनोद त्यांनी सिस्टरपाशी केला होता. सगळा पुरावा डोळ्यांसमोर होता. माशाचा खळगा त्यांना एका नजरेत दिसला होता.

"रोज वाटी रिकामी व्हायची," ते म्हणाले. "मी तीच मोजत बसलो."

लेक खाली बसली आणि तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. पुढं विचारायला त्यांच्यापाशी प्रश्न उरला नव्हता.

६

चीफला लेकीनंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर, काही न वगळता. तपासनीस मागं उभे राहिले, मधे बोलले नाहीत. चीफनं ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावर राग आला, आणि मग तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा तिथंच विरला.

"बोटीवर असतो तर तुला समुद्रात फेकलं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळानं काठीनं एक खुर्ची तिच्याकडं सरकवली. "बस. उभी का आहेस?"

सिस्टर तोंड फिरवून डोळे पुसत होती. बँडमास्तर म्हणाले, "चीफ, दुसरा मासा आण. वर्गणी मी काढतो. तो पंप पाहिजे तर माझ्या उशाशी लाव."

चीफनं तपासनिसांकडं पाहिलं. "आणतो. पण नव्याला नळीची सवय लागायला वेळ लागेल, साहेब. महिने लागतील. मला घाई करता येणार नाही."

"घाई नको," तपासनीस म्हणाले. "आमच्यासाठी तर नकोच."

दुपारी वाटी आली. तपासनिसांनी बायकोची खुर्ची खिडकीकडं वळवली, टाकीकडं नाही. एक चमचा ओठांशी नेला. तिनं ओठ मिटले. पूर्वी अशा वेळी ते गाल थोपटायचे, लहान मुलासारखं लाडीगोडी लावायचे, कधी रागवायचेही. सिस्टर हळूच म्हणाली, "थोडं थांबून पुन्हा बघा ना, साहेब."

"नको," ते म्हणाले. "तिला नाही म्हणायचंय. म्हणू दे."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि वाटी सिस्टरच्या हातात दिली. कापूस ओला करून तिचे ओठ पुसले. लेकीनं आईचे हात कोलोननं पुसले, एकेक बोट सावकाश. मग दोघं दोन बाजूंना बसली.

भरवायचं नसलं की दुपार किती मोठी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. हातात चमचा नव्हता, म्हणून त्यांनी तिचा हात धरला. ती त्यांच्याकडं पाहत राहिली, ओळख नसलेल्या पण सभ्य माणसाकडं पाहावं तशी. मग तिनं त्यांची कोटाची बाही चिमटीत धरली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"टीप उसवलीय," ती म्हणाली.

"हो."

"काढून द्या. घालून देते. वेळ आहे माझ्याकडं."

तपासनिसांनी उभं राहून कोट काढला आणि तिच्या मांडीवर पसरला. तिची बोटं बाहीवर चालू लागली, सुई नसताना, दोरा नसताना, एका मापानं. दिवाणखान्यात गारठा होता. सिस्टर शाल आणायला उठली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं, आणि नुसत्या सदऱ्यावर तिच्या शेजारी बसून राहिले, तिचं काम होईपर्यंत.